चहा : किती, केव्हा व कसा घ्यावा

खानदेशातील शेतकऱ्याचा दिवस आज चहाने सुरू होतो. पारोळा तालुक्यातील कोणत्याही गावी पहाटे चुलीवर किंवा गॅसवर पहिले भांडे चढते ते चहाचे. शेतावर मजूर आले की चहा, ओट्यावर पाहुणा टेकला की चहा, आठवडे बाजारात सौदा ठरला की चहा. आणि धुळे-जळगाव महामार्गावरील टपऱ्यांवर तर दिवसभर चहाचे आधण उतरत नाही. जी वस्तू घरातील लहानथोर सर्वजण रोज अनेक वेळा पोटात घालतात, तिचे गुणदोष प्रत्येकाने नीट समजून घ्यावयास हवेत. बियाणे घेताना आपण त्याचा वाण विचारतो, खत घेताना त्यातील नत्र-स्फुरदाचे प्रमाण पाहतो. चहाच्या बाबतीतही तीच चौकस बुद्धी वापरली पाहिजे.

चहा वाईट आहे, तो सोडून द्या, असा उपदेश येथे करावयाचा नाही. चहा हे विष नव्हे आणि अमृतही नव्हे. त्याचे बरेवाईट परिणाम मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असतात : तो किती घेतला, केव्हा घेतला आणि कसा केला. या तीन गोष्टी सांभाळल्या तर चहाचा आनंदही मिळतो व प्रकृतीचे नुकसानही टळते.

चहा आपल्याकडे कसा आला

चहाचे पीक आपल्या भागातले नाही. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात आसामात चहाचे मळे लावले, ते प्रामुख्याने परदेशी पाठविण्यासाठी. पुढे १९३० नंतरच्या मंदीच्या काळात परदेशी मागणी घटली, तेव्हा देशातच गिऱ्हाईक तयार करण्याची मोठी मोहीम निघाली. गावोगावी, रेल्वे स्थानकांवर व गिरण्यांच्या दारांशी चहा करून दाखविण्यात आला व लोकांना फुकट पाजण्यात आला. त्याच सुमारास पाने चिरडून, फाडून व वळवून बारीक दाणेदार चहा करणारे यंत्र आसामात निघाले. या दाणेदार चहास रंग लवकर येतो व थोड्या भुकटीत जास्त कप होतात. त्यामुळे तो गरिबालाही परवडू लागला. १९५४ साली केंद्र सरकारचे चहा मंडळ स्थापन झाले. आज देशात दरवर्षी सुमारे १३० कोटी किलो चहा पिकतो आणि त्यातील सुमारे ८० टक्के आपणच पितो.

चहाविषयी सावधगिरीची सूचनाही जुनीच आहे. महात्मा गांधी १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर एक पुस्तक लिहिले. त्यात चहातील टॅनीन या द्रव्याच्या अपायाबद्दल त्यांनी वाचकांना सावध केले होते. त्या टॅनीनसंबंधी आज शास्त्राने अधिक नेमकी माहिती मिळविली आहे, ती पुढे दिली आहे.

चहात काय असते

चहाच्या पानात दोन द्रव्ये विशेष महत्त्वाची आहेत. पहिले कॅफीन. याने मेंदूस तरतरी येते, झोप व थकवा काही वेळ दूर होतो. दुसरे टॅनीन व त्याच्या जातीची इतर द्रव्ये. चहाची तुरट चव व गडद रंग यांच्यामुळे येतो.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेनुसार १५० मिलिलिटरच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते आणि प्रौढ माणसाने दिवसाकाठी ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफीन घेऊ नये. याचा हिशेब सोपा आहे. चहा कडक असेल तर चार पूर्ण कप म्हणजे २६० मिलिग्रॅम झाले. म्हणजे मर्यादा जवळ आली. टपरीवरचा 'कटिंग' साधारण अर्ध्या कपाचा धरला तर असे आठ कटिंग म्हणजे चार कप होतात. घरचे दोन कप आणि बाहेरचे पाच-सहा कटिंग घेणाऱ्याने ही बेरीज एकदा करून पाहावी.

मर्यादेबाहेर कॅफीन गेले म्हणजे छातीत धडधडते, हात थरथरतात, आम्लपित्त वाढते व रात्री झोप येत नाही. झोप अपुरी झाली की सकाळी अंग जड होते. मग तरतरीसाठी पुन्हा चहा लागतो. हे चक्र तोडावयाचे असेल तर संध्याकाळनंतर चहा घेऊ नये. रोज पुष्कळ चहा घेणाऱ्याने तो एकदम बंद केला तर एक-दोन दिवस डोके दुखते. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी करावा.

चहाची चांगली बाजूही सांगावयास हवी. ब्रिटनमधील सुमारे पाच लाख लोकांच्या माहितीवर आधारलेले एक मोठे संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झाले. रोज दोन किंवा अधिक कप चहा घेणाऱ्यांत, चहा न घेणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण थोडे कमी आढळले. हा फरक चहामुळेच पडला असे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु माफक चहाने निरोगी माणसाचे नुकसान होत नाही, एवढे म्हणण्यास आधार मिळतो.

भाकरी, चहा आणि रक्त

आपल्या भागाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. म्हणजे गावातील निम्म्याहून अधिक बायका थकलेल्या शरीराने निंदणी, कापूस-वेचणी, पाणी भरणे व स्वयंपाक करीत आहेत. धाप लागणे, चक्कर येणे, पायात गोळे येणे याला 'अंगातला अशक्तपणा' म्हणून सोडून दिले जाते. बाळंतपणात हीच कमतरता जिवावर बेतते.

रक्त तयार होण्यास लोह लागते. प्रौढ स्त्रीस रोज २९ मिलिग्रॅम व पुरुषास १९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे, असे मानण्यात आले आहे. खानदेशचे जुने जेवण या बाबतीत चांगले आहे. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते एक मिलिग्रॅमही नसते. मटकी, उडीद, तीळ व हिरव्या पालेभाज्या यांतूनही लोह मिळते. परंतु धान्य-भाजीतील लोहाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो, आणि नेमक्या याच ठिकाणी चहा आडवा येतो. चहातील टॅनीन पोटात लोहाशी बांधले जाते व ते लोह शरीरात न मुरता तसेच बाहेर पडते. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्या जेवणातील लोहाचे शोषण निम्म्याहूनही अधिक घटू शकते. चहात दूध घातल्याने हा परिणाम नाहीसा होत नाही.

भाकरी चहात बुडवून खाणे किंवा जेवण होताच वर चहा घेणे म्हणजे एका हाताने पाणी भरावे व दुसऱ्या हाताने मोट फोडावी, असे होय. म्हणून जेवणाच्या आधी एक तास व जेवणानंतर एक तास चहा घेऊ नये. राष्ट्रीय पोषण संस्थेचाही हाच सल्ला आहे. जेवणात लिंबाची फोड, कच्चा टोमॅटो, पेरू किंवा आवळा असावा. यातील क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते.

गरोदर स्त्रियांना व किशोरवयीन मुलींना आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळतात. पुष्कळ ठिकाणी ही गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतली जाते. त्यामुळे गोळीचा गुण मोठ्या प्रमाणात वाया जातो आणि 'गोळ्या खाऊनही रक्त वाढले नाही' अशी तक्रार येते. गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी आणि चहा तासाभराने घ्यावा.

रक्त कमी असण्याचे कारण प्रत्येक वेळी चहाच असते असे मात्र समजू नये. जंत, मासिक पाळीतील अतिरिक्त रक्तस्राव आणि आपल्या भागातील काही समाजांत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक आजार हीही कारणे आहेत. यासाठी रक्ताची तपासणी करून घेणे आवश्यक आहे.

ज्यांना शक्य असेल त्यांनी घरच्यापुरती का होईना, 'धनशक्ती' या बाजरीची पेरणी करावी. लोहाचे प्रमाण वाढविलेला हा वाण राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ व हैदराबादजवळील इक्रिसॅट यांच्या प्रयत्नातून निघाला व २०१२ साली महाराष्ट्रासाठी प्रसृत झाला.

चहा म्हणजे न्याहारी नव्हे

वेचणीच्या हंगामात कित्येक स्त्रिया पहाटे चहा-बटर किंवा चहा-टोस्ट घेऊन शेतावर जातात व पुढील अन्न दुपारी घेतात. चहाने भूक मरते, परंतु भागत नाही. चहातील कॅफीन शरीराला कामाचे बळ देत नाही. थकवा जाणवू देत नाही, इतकेच. बैलास चारा न घालता केवळ चाबूक दाखवावा, तसे हे आहे. उपवासाच्या दिवशी चहावर चहा घेऊन काम करणाऱ्या स्त्रियांची स्थिती हीच होते. शेतावर निघण्यापूर्वी अर्धी भाकरी व चटणी, मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे पोटात असावेत. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी रिकाम्या पोटी चहा घेऊच नये.

साखरेचाही हिशेब करावयास हवा. एका कपात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली तर सहा कपांत ६० ग्रॅम साखर गेली. महिन्याकाठी पावणेदोन किलोहून अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर साधारण माणसाने दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्यतो २५ ग्रॅमपर्यंतच ठेवावी. साखरेऐवजी गूळ घातला तरी मधुमेह्याच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. दर आठवड्यास अर्धा चमचा कमी केला तर जिभेला सवय होते व घरात कुरकुर होत नाही.

मुले व गरोदर स्त्रिया

लहान मूल रडले की बशीत चहा ओतून त्यात बिस्किट बुडवून भरविण्याची पद्धत पुष्कळ घरांत दिसते. ही पद्धत बंद केली पाहिजे. मुलाचे पोट लहान असते. चहाने ते भरले की दूध, वरण, खिचडी यांस जागा राहत नाही. शिवाय वाढीच्या वयात रक्तास लागणारे लोह चहामुळे हुकते. मुलास दूध द्यावयाचे तर दूधच द्यावे. त्यास चहाचा रंग लावू नये. गरोदर स्त्रीने दिवसाला दोन कपांपेक्षा अधिक चहा घेऊ नये व तोही जेवणापासून दूर घ्यावा.

चहा करण्याची व पिण्याची रीत

चहा जितका अधिक उकळावा तितके टॅनीन अधिक उतरते. सकाळचाच चोथा ठेवून त्यात पाणी व थोडी भुकटी घालून दिवसभर आटविलेला चहा तुरट व पोटास जाचक होतो. पाण्यास खळखळून उकळी आल्यावर कपास एक लहान चमचा भुकटी टाकावी, दोन-तीन मिनिटांनी गाळावे. आले, गवती चहा किंवा तुळस घातल्यास कमी भुकटीतही स्वाद येतो. दूध नेहमी उकळूनच घालावे, कारण कच्च्या दुधातून जनावरांचे काही रोग माणसास होतात.

पाणी उकळल्याने जंतू मरतात, हा चहाचा मोठा गुण आहे. परंतु तोच कप बादलीतील गढूळ पाण्यात बुचकळून पुढच्यास दिला तर हा गुण व्यर्थ होतो. चहाच्या दुकानदारांनी कप वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावेत.

फार गरम चहा पिणे धोक्याचे आहे. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उष्ण पेये सतत घेतल्याने अन्ननलिकेचा कर्करोग होण्याचा संभव वाढतो, असा निष्कर्ष कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ साली काढला. येथे दोष चहाचा नसून उष्णतेचा आहे. बशीत ओतून चहा निववून पिण्याची आपली जुनी चाल या दृष्टीने चांगली आहे. शहरी मंडळी हसतात म्हणून ती सोडण्याचे कारण नाही. तंबाखू किंवा बिडीचे व्यसन असेल तर अन्ननलिकेचा धोका आणखी वाढतो.

शेतावर चहा नेताना तो प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून नेण्याची सवय घातक आहे. कागदी कपासही आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. गरम द्रवामुळे त्यातून सूक्ष्म कण चहात उतरतात, असे खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांना आढळले आहे. स्टीलची किटली व स्टीलचे पेले ही एकदाच करावयाची गुंतवणूक होय.

फवारणी आणि चहा

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कापूस हे पारोळ्याचेही मुख्य पीक आहे, म्हणून ही घटना आपण विसरता कामा नये.

फवारणीच्या मधल्या सुटीत बांधावर चहा येतो. हात न धुता पेला धरला जातो, तोंडावरचे फडके त्याच हाताने सारले जाते, वर बिडी पेटते. अशा वेळी औषध चहाबरोबर पोटात जाते. यासाठी पुढील नियम कटाक्षाने पाळावेत. चहाची किटली फवारणीच्या शेतापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूस व झाकून ठेवावी. साबणाने हात, तोंड व मान धुतल्याशिवाय काहीही खाऊ-पिऊ नये. औषध कालविण्याची बादली, मग किंवा काठी कितीही धुतली तरी खाण्यापिण्याच्या कामी आणू नये. औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी, दूध वा चहा कदापि भरू नये.

फवारताना मळमळ, डोकेदुखी, घाम, लाळ सुटणे, अंधुक दिसणे यांपैकी काही जाणवले तर 'जरा चहा घे, बरे वाटेल' असे म्हणून वेळ दवडू नये. काम थांबवावे, कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व औषधाचा डबा चिठ्ठीसह डॉक्टरांना दाखवावा. साप चावलेल्या माणसासही चहा पाजून थांबू नये. त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

उन्हाळ्यातील चहा

वैशाखात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांच्या वर जातो. चहात पाणी असते हे खरे, परंतु घामावाटे जाणारे पाणी व मीठ भरून काढण्यास दोन कटिंग पुरे पडत नाहीत. चहाने तहान लागल्याची जाणीवही मंदावते व माणूस पाणी पिणे विसरतो. उन्हात काम करणाऱ्याने तहानेची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. मीठ घातलेले ताक, लिंबाचे सरबत किंवा कैरीचे पन्हे घ्यावे. उन्हाने जुलाब-उलट्या झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते पाजावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये.

चहा पारखून घ्यावा

सुटी, स्वस्त भुकटी घेताना सावध राहावे. वापरलेला चोथा वाळवून, रंगवून पुन्हा विकण्याचे प्रकार घडतात. घरी करता येण्याजोग्या दोन परीक्षा आहेत. पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर भुकटी पसरून त्यावर पाणी शिंपडावे. थोड्या वेळाने भुकटी काढून कागद पाण्याखाली धरावा व उजेडात पाहावा. कागदावर रंगाचे डाग तत्काळ उमटले तर भुकटीस रंग लावलेला आहे असे समजावे. दुसरी परीक्षा लोखंडाच्या किसाची. भुकटी काचेवर पसरून तिच्यावरून लोहचुंबक फिरवावे. जुन्या ध्वनिक्षेपकातील चुंबकही चालते. कीस चिकटून आला तर त्यात भेसळ आहे. अशा मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे करावी.

कार्यकर्त्यांनी काय करावे

आशा, अंगणवाडी सेविका व कृषी खात्याचे गावपातळीवरील सहायक यांनी हा विषय एकत्र बसून मांडावा. केवळ भाषण करू नये, करून दाखवावे. सहा कपांतील साखर वाटीत मोजून सर्वांपुढे ठेवावी. टिपकागदाची परीक्षा गावातील दोन-तीन नमुन्यांवर करावी. फवारणीच्या हंगामापूर्वी होणाऱ्या बैठकीत चहाच्या किटलीजवळ साबण व पाण्याचा हंडा ठेवण्याचा नियम मजुरांसमक्ष शेतमालकाकडून कबूल करून घ्यावा. लोहाची गोळी देताना 'चहाबरोबर नको' हे वाक्य प्रत्येक वेळी उच्चारावे. सासूबाई घरात असतील तर त्यांनाही ते सांगावे, कारण सुनेच्या ताटात काय व केव्हा पडावयाचे हे पुष्कळदा त्याच ठरवितात.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. दिवसाला दोन ते तीन कप; चारांच्या वर जाऊ नये.
२. जेवणाच्या व लोहाच्या गोळीच्या आगेमागे एक तास चहा नको.
३. चहापूर्वी पोटात काही अन्न असावे. चहा ही न्याहारी नव्हे.
४. लहान मुलांस चहा देऊ नये.
५. चहा निववून, स्टीलच्या, काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यातून प्यावा.
६. फवारणीनंतर साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय पेल्यास हात लावू नये.
७. उन्हात पाणी व ताक आधी, चहा नंतर.

यांतील एकाही नियमास पैसा पडत नाही; उलट साखर व भुकटीचा खर्च वाचतो. घरातील स्त्रीने जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलला आणि ताटात लिंबाची एक फोड आली, एवढ्यानेही तिच्या रक्तास मदत होईल. सुरुवात त्या एका तासापासून करावी.